कोरिनच्या आयरिसांना गोष्ट लागते का?

सांजवारा

२००४ साली आलेल्या पाच हजार येनच्या नोटेच्या मागच्या बाजूला आयरिसची फुलं छापली आहेत. ती जपानी चित्रकार ओगाता कोरिनच्या पडद्यांवरून घेतलेली आहेत. मूळ जोडी तोक्योच्या नेझू संग्रहालयात आहे. सहा-सहा भागांचे दोन घडीचे पडदे, प्रत्येक साधारण दीड मीटर उंच आणि जवळजवळ साडेतीन मीटर रुंद, काळ १७०१ ते १७०५ च्या आसपास. पूर्ण पृष्ठभागावर सोन्याचा वर्ख आणि त्यावर निळी फुलं, हिरवी पाती. पाणी नाही, काठ नाही, आकाश नाही, माणूस नाही.

बहुतेक लिखाणात याला ‘निसर्गप्रेमी जपानी मनाचं सुंदर फुलांचं चित्र’ म्हणून मोकळं केलं जातं, आणि मला ते मनापासून खटकतं. हे ‘ईसे मोनोगातारी’ या हेआन काळातल्या (नववं ते बारावं शतक) कथासंग्रहातल्या नवव्या प्रसंगाचं चित्र आहे. स्वतःला निरुपयोगी समजून एक पुरुष राजधानी सोडतो आणि एक-दोन सोबत्यांबरोबर पूर्वेकडे निघतो. (परंपरा त्याला नवव्या शतकातला कवी आरिवारा नो नारिहिरा मानते.) मिकावा प्रांतात यात्सुहाशी नावाची जागा लागते. तिथे नदीला कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटलेत आणि त्यांवर फळ्यांचे आठ पूल टाकलेत. सगळे झाडाखाली बसून वाळवलेला भात खातात. दलदलीत आयरिस फुललेले असतात. एक जण म्हणतो, या फुलाच्या नावातली पाच अक्षरं पाच ओळींच्या सुरुवातीला घेऊन प्रवासावर कविता कर. तो करतो, आणि मागे राहिलेल्या बायकोच्या आठवणीने सगळे इतके रडतात की आसवांनी तो भात फुगतो.

कोरिनने यातलं सगळं गाळलं आणि फक्त फुलं ठेवली. आपल्याकडे कुणी नुसती वीट आणि तिच्यावर दोन पावलं काढली, तर पंढरपूर सांगावं लागत नाही. तसंच हे. गोष्ट माहीत नसेल तर या पडद्यांतलं अर्धंच दिसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कागदकात्री

असहमत. विटेचा दाखलाच तुमच्या विरोधात जातो. विठोबा बाजूला केला तर त्या विटेकडे कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही. हे पडदे मात्र तीनशे वर्षं, कविता न वाचलेल्या माणसांनाही जागेवर थांबवत आलेत. मग तुमचं ‘अर्धं’ नेमकं कुठलं?

चित्र बनलंय कसं ते बघा. फुलांचे काही ताटवे हुबेहूब तेच, स्टेन्सिलसारखा साचा वापरून पुन्हा उमटवलेले. पाकळ्या निळ्याच्या मोजक्या छटांत सपाट भरलेल्या, त्यांना बाह्यरेषा नाही. उजव्या पडद्यावर ताटवे बुंध्यापासून उभे दिसतात. डावीकडे ते खाली घसरतात आणि कडेवर कापले जातात. ही मांडणी कापडावर नक्षी बसवणाऱ्या माणसाची आहे. कोरिन क्योतोच्या कारिगानेया या किमोनोच्या पेढीत जन्मला, लहानपणापासून त्याने नमुन्यांच्या वह्या बघितल्या. संदर्भच हवा असेल तर तो दुकानात शोधा, कवितेत नको.

आणि त्याने पूल काढला नाही, माणसं काढली नाहीत, हा त्याचा निर्णय आहे. तुम्ही ते सगळं परत चित्रात भरताय. चित्रकाराने मोकळी ठेवलेली जागा टीपेने भरणं मला अन्यायाचं वाटतं.

नदीकाठ

दोघांच्या मध्ये एक मुद्दा राहून जातोय: त्या काळच्या क्योतोत ही गोष्ट कुणाकुणाला ठाऊक होती?

१६०८ साली क्योतोजवळच्या सागा इथे ‘ईसे मोनोगातारी’ची सचित्र छापील आवृत्ती निघाली. व्यापारी सुमिनोकुरा सोआन आणि सुलेखनकार होन’आमी कोएत्सू यांच्या वर्तुळातलं ते काम. तोवर दरबारी घराण्यांच्या हस्तलिखितांत असलेली गोष्ट त्यानंतर शहरातल्या व्यापाऱ्यांच्या घरात आली. याच कोएत्सूची बहीण कोरिनच्या पणजोबांना दिलेली होती, म्हणजे कोरिनला हा वारसा घरातूनच मिळालेला. त्याच्या काळात आयरिस आणि फळ्यांचा पूल ही जोडी किमोनोंवर, लाखेच्या वस्तूंवर दिसते. खुद्द कोरिनची लेखनपेटी तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे: शिंपल्याची फुलं, शिशाच्या फळ्यांचा पूल, आणि तिथेही माणूस नाहीच.

म्हणून सांजवारा यांचं म्हणणं इतिहास म्हणून मला पटतं. क्योतोतल्या सुशिक्षित घरात हे पडदे उलगडल्यावर गोष्ट सांगावी लागलीच नसेल. पण ‘आज गोष्ट माहीत नसेल तर अर्धंच दिसतं’ हा वेगळा दावा आहे. त्यासाठी वेगळा युक्तिवाद लागेल, आणि तो अजून आलेला नाही.

घाटवाट

मला या चर्चेत पैसा कुठेच दिसत नाहीये.

कारिगानेयाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होती तोफुकुमोन-इन, म्हणजे दुसऱ्या तोकुगावा शोगुनची (लष्करी सत्ताधीशाची) मुलगी आणि सम्राट गो-मिझुनोओची राणी. ती १६७८ साली वारली आणि पेढीला उतरती कळा लागली. बाप १६८७ साली गेला. कोरिनने वाट्याला आलेलं उडवलं आणि मग पोटासाठी चित्रकला धरली. १७०१ साली त्याला ‘होक्क्यो’ ही मानाची पदवी मिळाली. हे पडदे त्याच सुमाराचे. हा गेनरोकू काळ. व्यापाऱ्यांकडे अमाप पैसा, आणि त्यांनी काय नेसावं, कसं राहावं यावर शोगुनशाहीचे हुकूम. १७०५ साली ओसाकाच्या योदोया या बलाढ्य पेढीची मालमत्ता सरकारने जप्त केली, कारण दिलं उधळपट्टीचं.

अशा वेळी जवळजवळ सात मीटर सोनं आणि त्यावर दळलेलं अॅझुराइट आणि मॅलेकाइट! हे खनिज रंग स्वस्त नव्हते, आणि इथे ते हात न आखडता वापरलेत. हे पडदे पुढे दीर्घकाळ क्योतोच्या निशी होंगान्जी या मठाकडे होते, म्हणजे साध्या घरातली ही वस्तू नव्हेच. कविता आणि नक्षी या दोन्हींच्या आधी डोळ्यात भरते ती ऐपत. संदर्भ सांगायचा तर तोही सांगा. नाहीतर तुम्ही फक्त आवडणारा संदर्भ निवडताय.

सांजवारा

घाटवाट, तुमचा मुद्दा मान्य, आणि तो माझ्या मूळ लेखात असायला हवा होता. पण ऐपत दाखवायला मोर चालले असते, चेरीचा बहर चालला असता. हीच फुलं का, हे सोन्याच्या भावावरून कळत नाही.

नदीकाठ यांनी मागितलेला युक्तिवाद देतो. नारिहिराच्या त्या कवितेची सुरुवात वस्त्रापासून आहे. अंगावर वापरून मऊ पडलेला झगा, तशी सवयीची झालेली बायको, ती मागे राहिली आणि आपण इतके दूर आलो, असा तिचा आशय. आता कागदकात्री, तुम्हीच म्हणालात की ही मांडणी कापडवाल्याची आहे. ज्याच्या घराची किमोनोची पेढी डोळ्यांदेखत बुडाली, त्या माणसाने वस्त्राच्या आठवणीवरची कविता घेतली आणि कापडाच्या रीतीने रंगवली. साच्याने पुन्हा-पुन्हा येणारा ताटवा हे माहीत नसताना सुबक वाटतो. माहीत झाल्यावर त्यात हरवलेलं घर दिसतं. मी ‘अर्धं’ म्हणतो ते हे.

कागदकात्री

ही जोड सुंदर आहे, आणि ती तुमची आहे. कोरिनने हरवलेल्या पेढीसाठी साचा वापरला असं म्हणायला आधार काय? साचा वापरला कारण तो त्याच्या हातात होता आणि त्याने लय साधते. डावीकडून उजवीकडे चालत जा, पडद्यांच्या घड्या आत-बाहेर होतात, ताटवे वर-खाली होतात. दिव्याच्या उजेडात वर्खाचे चौकोन एकेक करून उजळत असतील. हे सगळं गोष्टीशिवाय घडतं आणि पूर्ण घडतं.

नदीकाठ

पण ती वळणं घेत जाणारी चाल फळ्यांच्या पुलावरून चालल्यासारखीच आहे ना? अनेक अभ्यासकांना ताटव्यांच्या मांडणीतच पूल दिसतो.

कागदकात्री

ज्याला पूल ठाऊक आहे त्याला दिसतो. शिवाय कोरिनला पूल हवा होता तेव्हा त्याने तो काढलाच! न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली (‘मेट’मधली) जोडी १७०९ नंतरची आहे, तोच विषय, आणि दोन्ही पडद्यांवरून तिरका जाणारा पूल. पहिलं चित्र पुलाशिवाय ‘सांगत’ होतं, तर दुसऱ्यात तो का आणला?

सांजवारा

कारण मधल्या काळात तो एदोला (आजच्या तोक्योला) जाऊन आला होता. तिथे त्याने सेश्शूसारख्या जुन्या उस्तादांची शाईची कामं नकलून अभ्यासली. मेटमधल्या फळ्या नीट बघा: ओल्या रंगात रंग सोडून आलेले डाग, ‘ताराशिकोमी’, जणू पावसात भिजून काळवंडलेलं लाकूड. ती फळी गोष्ट समजावायला आलेली नाही. गोष्ट न सांगताही कळत होती, हे त्याची लेखनपेटी आणि त्या काळचे किमोनो सांगतात. तिथे त्याला लाकूड रंगवायचं होतं. आणि पूल आल्यावर झालं काय, ते दोन्ही छायाचित्रं शेजारी ठेवून बघा. मेटमध्ये नजर पूल धरून तिरकी निघून जाते. नेझूत तिला बाहेर जायला वाटच नाही, ती फुलांपाशीच थांबते, त्या झाडाखाली बसलेल्या लोकांसारखी. मला नेझूचीच जोडी थोर वाटते, आणि ती थोर वाटण्याचं माझं कारण गोष्टीतूनच येतं.

कागदकात्री

नेझूची थोर, यावर पूर्ण सहमत. कारणावर नाही. नेझू दरवर्षी वसंतात, बागेतले आयरिस फुलतात त्या सुमाराला हे पडदे मांडतं. तिथे रांगेत उभ्या राहणाऱ्या ज्या परदेशी माणसाने नारिहिराचं नावही ऐकलेलं नाही, त्याचीही नजर तुम्ही म्हणता तशीच फुलांपाशी थांबते. ते काम रिकाम्या सोन्याने केलंय.