मुलांच्या वर्गासाठी: जगाचा भूगोल कुठून सुरू करावा?

प्रेषक: मराठी शाळेची संयोजिका

नमस्कार मंडळी,

नव्या सत्रापासून भाषेच्या तासाला जोडूनच पाऊण तास जगाचा भूगोल आणि निरनिराळ्या लोकांच्या संस्कृती असा विषय घ्यायचं चाललंय. मुलं दहा ते तेरा वर्षांची आहेत. सध्याचा आराखडा असा: दर आठवड्याला एक देश, त्याचा झेंडा, राजधानी, चलन, पोशाख, एखादं नृत्य आणि शेवटी प्रश्नमंजुषा. तक्ते करून द्यायला पालक तयार आहेत. पण सत्र संपेल तेव्हा मुलांच्या पदरात नक्की काय पडेल, याची मला खात्री वाटत नाही. आपल्यात शिकवणारी मंडळी आहेत, त्यांनी मोकळेपणानं लिहावं.


प्रेषक: भूगोल शिकवणारी एक सभासद

ताई,

तुमची शंका रास्त आहे, आणि तक्ते रंगवून व्हायच्या आत आली हे फार बरं झालं. झेंडा, पोशाख, नृत्य या वाटेनं गेलं की मुलं "ते लोक असं करतात" एवढंच लक्षात ठेवतात. असं का करतात, हे विचारायचं राहूनच जातं. भूगोल तर सगळा त्या "का"मध्येच आहे.

म्हणून माझं सांगणं असं, की आठवड्याला एक देश घेऊ नका, तीन-चार आठवड्यांना एक प्रश्न घ्या. तोच प्रश्न जगात वेगवेगळ्या ठिकाणच्या माणसांपुढे आला तेव्हा त्यांनी काय केलं, ते मुलांसमोर ठेवा.

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न सांगते. पाणी थोडं आहे आणि शेतं पुष्कळ आहेत, तर वाटणी कशी करायची? या वयाच्या मुलांना वाटणीतला अन्याय लगेच कळतो, त्यामुळे त्यांना ओढून आणावं लागत नाही.

सुरुवात इराणच्या कोरड्या पठारापासून करा. तिथे डोंगरपायथ्याशी खोल विहीर खणून भूजल गाठतात आणि तिथून शेतापर्यंत जमिनीखालून भुयारी कालवा काढतात. त्याला 'क़नात' म्हणतात. वाटेत ठरावीक अंतरावर उभी विवरं असतात. खणलेली माती त्यांतून वर काढायची, आतल्या माणसाला हवाही त्यांतूनच मिळते. पाणी निव्वळ उतारानं वाहतं. उतार जास्त झाला तर पाणी भुयार कोरून टाकतं, कमी झाला तर गाळ साचतो. गोनाबादच्या क़नातीची मूळ विहीर 300 मीटरहून खोल आहे. पाणी जमिनीखालून का नेलं असेल, हे मुलांना आधी ओळखू द्या. "ऊन!" असं कुणीतरी ओरडतंच, आणि बाष्पीभवनाचा धडा तिथेच होऊन जातो. अशा 11 क़नाती युनेस्कोनं 2016 मध्ये जागतिक वारसा यादीत घेतल्या. हेच तंत्र चीनमधल्या तुर्पानमध्ये आहे, ओमानमध्ये आहे, अल्जीरिया आणि मोरोक्कोतही आहे. नकाशावर ही ठिकाणं मुलांकडून टिंबांनी जोडून घ्या. कोरड्या प्रदेशांचा लांबलचक पट्टा त्यांना स्वतःच्या हातानं सापडतो.

मग वाटणी. इराणमध्ये तांब्याच्या वाटीला तळाशी बारीक भोक पाडून ती पाण्यावर तरंगत ठेवायचे. वाटी भरून बुडाली की एक माप झालं. कुणाच्या शेताला किती वाट्या पाणी, हे ठरलेलं असे. आपलं घटिकापात्र ते हेच. ओमानमध्ये दिवसा सूर्याच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून पाण्याच्या पाळ्या ठरत. वर्गात हा प्रयोग जरूर करा: बादलीभर पाणी आणि भोक पाडलेली वाटी. मुलांचे दोन गट करा आणि दोघांना वेगवेगळ्या भोकांच्या वाट्या द्या. एका गटाची पाळी लवकर संपली की भांडण ठरलेलं. ते होऊ द्या. सगळ्या गावाचा ज्यावर विश्वास बसेल असा एक माणूस वाटी मोजायला का लागतो, हे मग सांगायची गरज राहत नाही.

दुसरं ठिकाण स्पेनमधलं वालेन्सिया. तुरिया नदीच्या कालव्यांवरच्या शेतकऱ्यांचं तिथे पाणी-न्यायालय आहे. दर गुरुवारी दुपारी 12 वाजता कॅथेड्रलच्या दारात ते भरतं. न्यायाधीश म्हणजे शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले आठ कालव्यांचे प्रतिनिधी. सुनावणी सगळी तोंडी. ज्या कालव्यावरची तक्रार असेल, त्या कालव्याचा प्रतिनिधी निकालात भाग घेत नाही. हा शेवटचा नियम मात्र मुलांना आधी सांगू नका. वर्गातच न्यायालय भरवा, एकानं दुसऱ्याची पाळी चोरली अशी फिर्याद द्या आणि बघा. आरोपीचा मित्रच न्यायाधीश झालेला दिसला की मुलं तो नियम आपणहून मागतात. 2009 मध्ये युनेस्कोनं या न्यायालयाला अमूर्त वारसा म्हणून मान दिला, पण शेतकऱ्यांसाठी ते रोजच्या कामाचं न्यायालयच आहे.

तिसरं ठिकाण बाली, आणि इथे थोडं रेंगाळा. डोंगरउतारावर भाताची खाचरं आहेत, पाणी वरून खाली येतं. एकाच प्रवाहावरचे शेतकरी 'सुबक' नावाच्या संघात असतात. लावणी कधी करायची आणि पाणी कधी सोडायचं, हे जलमंदिरांच्या मार्फत ठरतं. मुलांना विचारा, वरच्या शेतकऱ्याच्या हातात पाणी आहे, मग तो खालच्याचं का ऐकेल? "चांगला माणूस असेल म्हणून" हे उत्तर येईल. ते मान्य करा आणि आणखी कारण शोधायला लावा. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी या मंदिरांचा अभ्यास केला. त्यांनी दाखवून दिलं, की सगळ्यांनी एकाच वेळी कापणी करून शेतं एकाच वेळी मोकळी ठेवली, तर किडीला खायला काही उरत नाही आणि ती मरते. खालच्याची शेतं वेगळ्या वेळी हिरवी राहिली, तर तिथली कीड वरच्याकडे चढते. म्हणजे खालच्याला पाणी हवं असतं, वरच्याला किडीपासून सुटका हवी असते, आणि दोघांना धरून ठेवायचं काम मंदिराचं वेळापत्रक करतं. 1970च्या दशकात सरकारी धोरणानं शेतकऱ्यांना जमेल तितक्या वेळा भात लावायला सांगितलं. वेळापत्रक मोडलं, कीड माजली आणि पाण्याची ओढाताण सुरू झाली.

हे ऐकल्यावर बालीतली पूजा मुलांना नुसता देखावा वाटत नाही. त्यामागे पाणी आहे, उतार आहे, कीड आहे आणि शेजाऱ्याशी नातं आहे, हे त्यांना दिसतं. संस्कृती आणि भूगोल असे दोन विषय मग वेगळे शिकवावे लागत नाहीत. म्हणून मी इतकी हट्टानं सांगते आहे.


प्रेषक: ज्येष्ठ सभासद, काका

नमस्कार,

बाईंचं पत्र मनापासून आवडलं. तरी एक हरकत नोंदवतो. पाठांतराला नावं ठेवायची आता रीतच पडली आहे. बाली कुठे आहे आणि वालेन्सिया कुठे, हेच ज्याला माहीत नाही, तो हे प्रश्न टांगणार कशावर? आम्ही नद्या, पर्वत, राजधान्या घोकल्या, आणि त्या आजही बातम्या वाचताना कामी येतात. नकाशा डोक्यात असलाच पाहिजे.


प्रेषक: एक पालक

मी शिक्षक नाही, वडील म्हणून लिहितो. माझ्या मुलीला तिच्या शाळेत "तुमच्या देशाविषयी सांग" म्हणून वर्गापुढे उभं केलं. भारत म्हणजे एकशे चाळीस कोटींहून जास्त माणसांचा देश, आणि ती तर इथे परदेशातच जन्मलेली. तिला जे ठाऊक नव्हतं त्याचीही उत्तरं तिच्याकडे मागितली गेली. तिनं जे सांगितलं, ते सगळ्यांनाच लागू आहे असं मुलांनी धरलं. घरी येऊन ती खूप रडली. आपल्या वर्गात दुसऱ्यांच्या देशांचं असं होऊ नये, एवढीच विनंती. त्यासाठी काय करता येईल?


प्रेषक: भूगोल शिकवणारी एक सभासद

काका, तुमची हरकत मला मान्य आहे. नकाशा डोक्यात हवाच. फक्त तो शिरतो कसा, याबद्दल थोडं सांगते. नावाला कारण जोडलेलं असलं की ते विसरत नाही. रशियातलं मुर्मान्स्क बंदर जवळजवळ 69 अंश उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळाच्याही वर आहे, तरी हिवाळ्यात जहाजं ये-जा करतात. कॅनडातलं चर्चिल त्याच्या दहा अंश दक्षिणेला, तरी हडसनच्या उपसागरातलं हे बंदर वर्षातले कितीतरी महिने बर्फात बंद असतं. दोन्ही नावं फळ्यावर लिहा, अक्षांश लिहा आणि विचारा, हे उलटं कसं? अटलांटिकमधून उत्तरेकडे जाणारा उबदार प्रवाह सापडेपर्यंत मुलं नकाशा सोडत नाहीत. त्या शोधात नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँड सगळं नजरेखालून जातं. ती नावं पुन्हा घोकून घ्यावी लागत नाहीत.

आणि नकाशावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हेही त्याच वयात शिकवायला हवं. भिंतीवरचा मर्केटरचा नकाशा घ्या. मर्केटरनं तो 1569 मध्ये दर्यावर्दींसाठी केला. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारी वाट त्यावर सरळ रेषेत येते, आणि त्या कामासाठी तो उत्तमच आहे. पण ध्रुवांकडे जाल तसं त्यात सगळं फुगत जातं. मुलांना ट्रेसिंग पेपरवर ग्रीनलँड गिरवू द्या आणि कागद सरकवत आफ्रिकेवर नेऊन ठेवायला सांगा. जवळजवळ आफ्रिकेएवढंच दिसतं. मग पृथ्वीगोलावर तेच करा. आता ग्रीनलँड एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाएवढंही भरत नाही. ग्रीनलँड सुमारे 21.7 लाख चौरस किलोमीटर, काँगो सुमारे 23.4 लाख, आणि अख्खी आफ्रिका सुमारे 3 कोटी. मुलं आधी गोंधळतात, मग चक्क चिडतात. त्या चिडण्यातून विचारतात, "मग असा नकाशा केलाच कशाला?" हा प्रश्न त्यांनी विचारला, की तास सार्थकी लागला असं मी समजते. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना क्षेत्रफळ सांभाळायचं की दिशा, यातलं काहीतरी सोडावंच लागतं, आणि काय सोडायचं ते नकाशा करणारा माणूस ठरवतो. पाठोपाठ पृथ्वीगोलावर टोकियो ते न्यूयॉर्क एक दोरा ताणून दाखवा. तो अलास्कावरून जातो. भिंतीवरच्या नकाशात तोच प्रवास पॅसिफिक आडवा ओलांडून जाईल असं वाटतं.

आता मुलीच्या बाबांसाठी. तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. कोणत्याही मुलाला सबंध देशाचा प्रतिनिधी करू नये, तो त्याच्यावर अन्याय आहे. सांगायचं असेल तर त्यानं आपल्या घराबद्दल सांगावं, तेही स्वतःहून वाटलं तर. आणि नाही म्हणायची मोकळीक खरोखरची असावी.

वर्गात मी दोन गोष्टी कटाक्षानं पाळते. एक, "सगळे" हा शब्द आला की थांबायचं आणि "कोण? कुठले? कधीचे?" असं विचारायचं. मंगोलिया म्हटलं की मुलांना घोडे आणि गवताळ रान दिसतं. त्या देशातली जवळजवळ निम्मी माणसं उलानबातर या एका शहरात राहतात, हे कळलं की चित्र हलतं. भटके पशुपालक आहेतच, पण शहरात नोकरी करणारी, बसची वाट बघणारी माणसंही मंगोलियाचीच. आफ्रिकेबद्दल बोलतानाही तेच. तिथे संयुक्त राष्ट्रांचे 54 सदस्य देश आहेत. "आफ्रिकेत असं असतं" या वाक्याला वर्गात जागा नको, कोणत्या देशात ते सांगायचं.

दुसरी गोष्ट छायाचित्रांची. प्रत्येक चित्राखाली ते कोणत्या वर्षी काढलं हे लिहायचं, आणि एका ठिकाणची निदान दोन चित्रं लावायची. एकाच चित्रावर देश उभा केला, तर तोच मुलांच्या डोक्यात कायमचा बसतो. इराण दाखवताना क़नातीच्या शेजारी आजच्या तेहरानच्या मेट्रोचंही चित्र हवं. पंपाच्या खोल विहिरी आल्यावर भूजल खाली गेलं आणि कितीतरी क़नाती कोरड्या पडल्या, हेही सांगायचं. ती माणसं आज काय करताहेत, त्यांच्यापुढचे प्रश्न कोणते, हे आलं नाही तर आपण संग्रहालय दाखवल्यासारखं होतं.

ताई, पोशाख आणि नृत्य काढूनच टाका असं मी म्हणत नाही. पाण्याचा प्रश्न उलगडून झाल्यावर बालीचं नृत्य जरूर दाखवा. तोवर ती माणसं मुलांच्या ओळखीची झालेली असतील, बघण्यातही फरक पडेल.


प्रेषक: मराठी शाळेची संयोजिका

सगळ्यांचे आभार. समितीशी बोलले. दर आठवड्याला एक देश हा बेत रद्द केला आहे. पहिले चार रविवार पाण्याच्या वाटणीचे, त्यानंतरचे दोन नकाशाचे. काकांना विनंती, की नकाशाच्या दोन्ही तासांना आपण यावं आणि नद्या-पर्वतांची उजळणी घ्यावी. मुलीच्या बाबांनी चित्रांखालच्या तारखा तपासायचं काम घ्यायचं कबूल केलं आहे.

दोन गोष्टी हव्या आहेत. मोठा पृथ्वीगोल कुणाकडे असेल तर सत्रापुरता द्यावा, देशांच्या सीमा जुन्या असल्या तरी चालेल, त्यावरही एक तास घेता येईल. आणि भोक पाडायला चालतील अशा एकसारख्या धातूच्या वाट्या, निदान सहा. भोकं शाळेतच पाडू, आधी पाडून आणू नयेत.