तिघांचं पॅनेल, ४५ मिनिटं: मुलाखतीची तयारी नेमकी कशाची करायची?

कोरी_पाटी:
पुढच्या आठवड्यात समोरासमोर मुलाखत आहे. पॅनेलवर तिघं: होणारे मॅनेजर, त्यांच्या टीममधले एक सीनियर आणि एचआर. अनुभव ४ वर्षांचा. कामाची माहिती पक्की आहे, पण "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की गाडी शाळेपासून सुटते आणि पाच मिनिटं थांबत नाही. "आत्मविश्वास ठेवा, हसतमुख राहा" हे वाचून झालंय. काय पाठ करायचं, काय नाही, अडलं तर काय, पगाराचं निघालं तर काय, असं हाताला लागेल ते सांगा.

तिसरी_खुर्ची:
शाळा, कॉलेज, टक्के हे सगळं रिझ्युमेत आहे, ते सोडून द्या. त्या प्रश्नातून पॅनेलला एवढंच हवं असतं की पुढे कशावर विचारायचं. दीड मिनिट पुरे. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे लिहून काढलंत तर १५० ते १८० शब्दांत बसवा. आधी आजचं काम: पद, जबाबदारी, पसारा केवढा. मग चार वर्षांतली दोनच कामं, आकड्यांसकट. शेवटी या पदासाठी अर्ज का केला याचं एक वाक्य. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ करा, मधलं नाही. सगळं घोकलेलं असलं की मध्येच कुणी काही विचारल्यावर माणूस पुन्हा पहिल्या ओळीवर जातो, आणि ते समोरच्याला लगेच कळतं.

मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. वाक्य संपल्यावरही "तर... म्हणजे..." करत किती ओढतो ते बोलताना कळत नाही.

पण खरा वेळ द्या प्रसंगांना. जाहिरातीतलं कामाचं वर्णन समोर घ्या आणि प्रत्येक अपेक्षेपुढे आपल्या कामातला एक प्रसंग लिहा. सहा-सात पुरतात, कारण एकच प्रसंग "मतभेद कसे मिटवले" आणि "डेडलाइन कशी गाठली" दोन्हींना चालतो. मांडणी 'स्टार' पद्धतीची: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. बहुतेकांची उत्तरं परिस्थितीतच बुडतात. कंपनी, क्लायंट, जुनी सिस्टीम सांगता सांगता दोन मिनिटं जातात. पहिल्या दोन भागांना मिळून २०-२५ सेकंद, कृतीला मिनिटभर, उरलेलं परिणामाला. आणि "आम्ही केलं" म्हणालात तर त्यात तुमचा वाटा किती, ते कुणालाच दिसत नाही. "रिपोर्ट लवकर निघायला लागला" ऐवजी "दोन दिवस लागायचे, ते तीन तासांवर आलं, कारण तपासणी मी शेवटी न ठेवता सुरुवातीला घेतली" असं सांगा. हे लिहून घेता येतं.

रकाना_क्र_५:
"लिहून घेता येतं" याला +१. पॅनेलपुढे बरेचदा गुणांचा तक्ता असतो: प्रत्येक निकषाला १ ते ५ गुण आणि बाजूला कारण. निर्णयाच्या वेळी तुम्ही खोलीत नसता, तिथे बोलतो तो कारणाचा रकाना.

तरी सुरुवातीची छाप हलक्यात घेऊ नका. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले. एका गुणात चांगला ठरलेला माणूस बाकीच्या गुणांतही चांगलाच ठरत होता. यालाच 'हेलो इफेक्ट' म्हणतात. तो उलटाही चालतो. सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारण्याची पद्धत यावरचाच उपाय आहे. म्हणून कुणी कागदावरून प्रश्न वाचतंय, चेहरा कोरा आहे, मान खाली घालून लिहितंय, तर धास्तावून उत्तर आवरतं घेऊ नका. लिहितायत म्हणजे चांगलंच आहे.

जिना_उतरताना:
किरकोळ, पण नडणाऱ्या गोष्टी. रिझ्युमेच्या चार प्रती न्या, तीन त्यांना, एक स्वतःपुढे. रिसेप्शनला १० मिनिटं आधी पोचा. ४० मिनिटं आधी गेलात तर त्यांचीच पंचाईत. फोन बंदच करा, व्हायब्रेशन टेबलावर ऐकू येतं. नवे कपडे-बूट आधी एकदा घालून तासभर बसून बघा. उत्तर विचारणाऱ्याकडे बघून सुरू करा, मध्ये बाकी दोघांकडे नजर फिरवा, संपवताना परत त्याच्याकडे. सगळं मॅनेजरलाच सांगत राहिलात तर उरलेले दोघं तुटतात, आणि गुण तेही देतात.

कोरी_पाटी:
धन्यवाद, १८० शब्दांचं आज लिहायला घेते. अडलं तर आणि पगार, हे राहिलं.

तिसरी_खुर्ची:
दहा सेकंद गप्प बसलं तर चालतं. "जरा विचार करते" म्हणा आणि खरंच करा. प्रश्न कळला नसेल तर आपल्या शब्दांत परत विचारा. येतच नसेल तर "हे मी केलेलं नाही, यातलं अमुक येतं, बाकीचं मी असं शोधेन" इथे थांबा. फेकाफेक करू नका, सीनियर नेमके पुढचे दोन प्रश्न तिथेच विचारतील.

पगाराचा विषय आपण काढू नये. त्यांनी काढला तर पदाची रेंज काय आहे ते आधी विचारा. आकडा द्यावाच लागला तर रेंज द्या, पण खालचा आकडा खरोखर चालेल असाच ठेवा, कारण ऑफर बहुधा त्याच्याच जवळ येते. सध्याचा पगार फुगवून सांगू नका, पुढे स्लिपा मागतात.

रकाना_क्र_५:
शेवटी "काही विचारायचंय?" येतंच. "नाही" म्हणू नका. पहिल्या सहा महिन्यांत या पदाकडून काय व्हायला हवंय, हे मॅनेजरना विचारा. सीनियरना विचारा की सध्या सर्वांत जास्त वेळ कशात जातो. सुट्ट्या वगैरे ऑफर आल्यावर. आभाराचा मेल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, चार-पाच ओळींचा, मुलाखतीत निघालेल्या एखाद्या मुद्द्याचा उल्लेख करून. तिघांची नावं लिहिताना स्पेलिंग तपासा.