कोरियात उन्हाळ्यात कुठल्या किनाऱ्यावर जावं? तुमचे अनुभव लिहा

सुवॉनकर

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्या कंपनीला सुट्टी असते आणि यंदा नेमके तेव्हाच आई-बाबा सांगलीहून येतायत. मुलगी सहा वर्षांची, तिला समुद्र हवाय. बाबांचे गुडघे दुखतात. आई अंडंसुद्धा खात नाही. आणि मला सहा वर्षांत इथला एकच किनारा माहीत झालाय, इंचॉन विमानतळाजवळचा उरवांग्नी, तोही ऑफिसच्या पार्टीपुरता. नेटवर शोधायला गेलं की फोटो सगळ्यांचे निळेच. म्हणून विचारतोय. पाणी कसं होतं, बरोबर कोण होतं, काय फसलं, ते लिहा. हॉटेलांच्या जाहिराती नकोत.

बुसानकर

मग बुसानच्या हेउन्देपासूनच सुरुवात करतो, कारण तुमचे सगळे कोरियन सहकारी तेच नाव सांगतील. दीड किलोमीटर वाळू, मेट्रोच्या दोन नंबर लाइनवरून उतरलं की दहा मिनिटांत पाण्यात. मी इथे पीएचडीला आलो त्या पहिल्या ऑगस्टमध्ये लॅबमधल्या पोरांबरोबर गेलो, तर समुद्र दिसेचना. छत्र्या, छत्र्यांमागे छत्र्या. विसर्जनाच्या दिवशी गिरगाव चौपाटी असते तेवढी माणसं, फक्त प्रत्येकाच्या कमरेला ट्यूब. पोहायला म्हणून उतरलो तर हद्दीच्या दोरीपर्यंत वीस हात मारले आणि शिट्टी वाजली. दोरीपलीकडे जायचं नाही, सहानंतर पाण्यात थांबायचं नाही. कटकट वाटते, पण तिथे 'इआनर्यू' म्हणजे किनाऱ्याकडून आत ओढून नेणारा प्रवाह खरोखर येतो, तेव्हा शिट्टी वाजली की निमूट बाहेर या.

मजा रात्रीची. बुसानच्याच ग्वांगाल्ली किनाऱ्यावर वाळूत बसायचं, समोर पूल उजळलेला, शनिवारी ड्रोनचा खेळ, आणि फोनवरून मागवलेलं चिकन घेऊन डिलिव्हरीवाला थेट किनाऱ्यावर हजर. पण हे पंचविशीतल्यांसाठी. तुमच्या मंडळींना मी तरी दादेपोला नेईन. एक नंबर लाइनचं शेवटचं स्टेशन. नाकदोंग नदी तिथे समुद्राला मिळते, त्यामुळे पाणी गढूळ दिसेल, फोटो निळा येणार नाही. पण शंभर पावलं आत गेलात तरी गुडघाभरच. ओहोटीला वाळूवर लाटांच्या रेघा उमटतात आणि बोटाच्या पेराएवढे खेकडे पळतात. मुलगी बाहेर यायची नाही. आणि बुसानमध्ये सूर्यास्त पाहायचा तर तिथेच.

सोलकर (आडनाव नव्हे, राहते सोलला)

आई शाकाहारी हे वाचून लिहितेय. मी पूर्व किनाऱ्यावरची, म्हणजे कांगनुंगची चाहती. २०१७च्या डिसेंबरात हिवाळी ऑलिंपिकसाठी तिथवर वेगवान रेल्वे झाली, आता सोलहून दोन तास. तिथल्या ग्यॉंगपो किनाऱ्याचं पाणी पाहिलं की आपल्याकडच्या समुद्राची सवय असलेल्याला धक्काच बसतो. मानेपर्यंत उभे राहा, पायाची नखं दिसतात.

पण! मानेपर्यंत पाणी दहा पावलांत येतं. तिकडे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, तळ मात्र एकदम उतरतो. आणि गार. माझी नणंद आणि तिचा नवरा पुण्याहून आले होते, ऑगस्ट होता, बाहेर तेहतीस अंश. भावजी झोकात धावत गेले आणि तसेच धावत परत आले. "फ्रीज उघडा राहिलाय का?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी लाटा मोठ्या म्हणून लाल निशाण, पाण्यात उतरायलाच बंदी. तीन दिवसांतला एक दिवस पाण्यात गेला, दोन दिवस आनमोकच्या कॉफीच्या दुकानांत.

जेवणाचं मात्र सोनं झालं. छोदांग नावाच्या वस्तीत समुद्राचं पाणी घालून टोफू विरजतात. साधा पांढरा 'सुनदुबू' मागायचा, लाल नव्हे, लाल रश्श्यात शिंपल्या नाहीतर माशाचं पाणी असतंच. वाडग्यातून वाफ येते, चव ताज्या चिकासारखी, मीठ आधीच आहे. सोबतच्या वाट्यांतलं किमची आईंना देऊ नका, त्यातही कोळंबीचं नाहीतर माशाचं खारवण पडतं. रस्त्यावर उकडलेली कणसं आणि बटाटे, तो प्रांतच बटाट्यांचा. सोयाबीनच्या गार दुधातल्या शेवया, 'कोंगगुक्सू', उन्हाळ्यातच मिळतात, त्याही चालतील. बाकी सगळीकडे गृहीत धरा की मासा आहे.

छनानकर

सप्टेंबरचा पहिला आठवडा. गर्दी शून्य, खोल्या निम्म्या भावात.

बुसानकर

@छनानकर, खोल्या स्वस्त का होतात ते सांगा ना! बहुतेक किनारे जुलै-ऑगस्टपुरतेच 'उघडे' असतात. ऑगस्ट संपला की जीवरक्षक नाहीत, शॉवर बंद, छत्र्या गायब. शिवाय वादळांचे दिवस. सहा वर्षांच्या मुलीला घेऊन नको.

गोजेकर

मी समुद्रावरच असतो, त्यामुळे सुट्टीत समुद्र नको असतो. जहाजबांधणीच्या यार्डात मालकाच्या बाजूने देखरेखीला आहे, बायको रत्नागिरीची. तिला दाखवायला म्हणून इथल्याच, गोजे बेटावरच्या हाकदोंग किनाऱ्यावर गेलो. तिथे वाळूच नाही, सगळे काळे गोल गोटे, अंड्यापासून बटाट्यापर्यंत. लाट मागे जाताना ते एकमेकांवर घासतात आणि सुपात हरभरे पाखडावेत तसा आवाज येतो. बायको तासभर डोळे मिटून बसली होती. एवढंच. पोहायला त्रास, चालायला महात्रास, दुपारी गोटे तव्यासारखे तापतात. गुडघेवाल्यांनी दुरून ऐकावं. गोटे खिशात घालू नका, राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे.

देजॉनकर

इथपर्यंत सगळे पूर्वेकडचे आणि दक्षिणेकडचे बोलले. पश्चिम किनाऱ्याची बाजू मांडायला कोल्हापूरकर लागतो असं दिसतंय. (शिवाजी विद्यापीठातून इकडच्या प्रयोगशाळांत येणाऱ्यांची रांग जुनी आहे. आमच्या मजल्यावर एकेकाळी दुपारी मराठीच ऐकू यायची.)

पहिल्या वर्षी मी देचॉनला जाऊन फसलो. बोर्यॉंग शहराचा किनारा, साडेतीन किलोमीटर लांब, जुलैत चिखल महोत्सव भरतो तो हाच. १९९८ साली तिथल्या चिखलाची सौंदर्यप्रसाधनं खपवायला सुरू केलेली जत्रा, आता परदेशी लोकही गर्दी करतात. आम्ही सकाळची गाडी पकडून गेलो, सामान टाकलं, टॉवेल घेऊन आलो तर समुद्र नाही. म्हणजे होता, पण लांबवर एक चंदेरी रेघ. मित्र म्हणाला, चुकीच्या बाजूला आलो का आपण? वेळापत्रक पाहायची अक्कल नव्हती. इकडे भरती-ओहोटीतला फरक सहा-सात मीटरचा, म्हणजे दोन मजली घराएवढं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि जातं.

दुसऱ्या वर्षी अक्कल आली. आई-वडील आले होते, तेव्हा देचॉनच्या थोडं दक्षिणेला मुचांगपोला नेलं. घर एका आजुम्माचं (आपल्याकडची मावशी), 'मिनबाक', म्हणजे जमिनीवर गाद्या आणि कोपऱ्यात स्वयंपाकाची सोय. ही सोय महत्त्वाची, आईने तिथेच आमटी-भात केला. तिसऱ्या दिवशी आजुम्माने हातात तीन वस्तू दिल्या. छोटं खुरपं ('होमी' म्हणतात), जाळीची पिशवी आणि मिठाची बाटली. ओहोटीच्या वाळूत खुरप्याने वरचा थर खरवडायचा, किल्लीच्या भोकासारखं भोक दिसलं की चिमूटभर मीठ सोडायचं आणि थांबायचं. पाणी बुडबुडतं, आणि पेन्सिलीएवढी लांबट शिंपली फटकन वर येते. घट्ट धरायची, ओढायची नाही, ती दमली की सुटते. वडील आयुष्यभर पंचगंगेकाठी राहिलेले, मासळीशी काही संबंध नाही, पण दोन तास उकिडवे बसून मीठ सोडत होते. गुडघे त्यांचेही दुखायचेच. उठताना आठवलं. धरलेल्या शिंपल्या आईने परत सोडायला लावल्या.

त्याच गावात दुसरं एक प्रकरण आहे. मोठ्या ओहोटीला समुद्र दुभंगतो आणि समोरच्या सॉकदेदो बेटापर्यंत दीड किलोमीटर चालत जायची वाट उघडते. कोरियन लोकांना त्याचं फार कौतुक. वडील म्हणाले, यात काय, अलिबागला कुलाबा किल्ल्यात असंच जातात. खरंच आहे. गणितही तेच, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यांत कमी. इथले कोळी उधाणाला 'सारी' आणि भांगाला 'चोगुम' म्हणतात. वाट उघडण्याच्या वेळा आधीच जाहीर होतात, तशी खोली धरा. एकच लक्षात ठेवा, पाणी परत येतं ते चालत नाही, धावत येतं. भोंगा वाजला की शिंपली अर्धी वर आलेली असली तरी उठायचं. दरवर्षी कुणी ना कुणी अडकतं.

तोटे सांगतो. पाणी मातकट. संध्याकाळी सगळा किनारा शिंपल्या भाजण्याच्या वासाने भरून जातो, आईने नाकाला पदर लावला होता. आणि देचॉनला छत्रीचे पैसे आमच्याकडून दोनदा घेतले, एकदा छत्रीचे, एकदा छत्रीखालच्या चटईचे. याला कोरियनमध्ये 'बागाजी' म्हणतात, शब्दशः भोपळ्याचा कटोरा. डोक्यावर कटोरा उपडा घातला की लुबाडलं.

सोलकर (आडनाव नव्हे)

भोपळ्यावरून आठवलं, तुमचा आठवडा नेमका सर्वांत महाग आहे हो. याला इथे शब्दच आहे, 'छिलमालपालचो', सातव्याचा शेवट आठव्याची सुरुवात. जूनअखेरपासून महिनाभर 'चांगमा', म्हणजे त्यांचा पावसाळा. तो संपला रे संपला की अख्खा देश एकाच आठवड्यात किनाऱ्यावर. १५ ऑगस्टची सुट्टी त्यांनाही आहे, जपानच्या ताब्यातून सुटल्याची. ती झाली की गर्दी ओसरते. आठ-दहा दिवस पुढे ढकलता आलं तर बघा.

पोहांगकर

आम्ही दीड वर्षाच्या बाळाला घेऊन जेजू बेटावर गेलो होतो. सोलच्या किम्पो विमानतळाहून तासाभराचं विमान. तिथल्या ह्यॉपजे किनाऱ्याचं पाणी फोटोत दिसतं तसंच आहे, हा एकमेव अपवाद असावा. शिंपल्यांच्या चुऱ्याची पांढरी वाळू, काळे ज्वालामुखीचे दगड, समोर बियांगदो बेट, आणि ओहोटीला लांबवर पोटरीभर पाणी. पण वारा! बाळाच्या डोळ्यांत वाळू, डब्यात वाळू, थालीपिठात वाळू. शेजारच्या ग्वाकजीला किनाऱ्यावरच गोड्या पाण्याचे झरे आहेत, दगडी भिंत घालून बायकांची-पुरुषांची न्हाणी वेगळी केलीयेत. खारट अंगाने त्यात पाय घातला की शब्द फुटत नाही इतकं गार. खर्च मात्र विमान धरून दुप्पट. सहा वर्षांच्या मुलीला चालेल, आई-बाबांची दगदग होईल.

आणि एक, कपड्यांची काळजी करू नका. सासूबाई आधी म्हणाल्या, मी काही तसल्या कपड्यांच्या गर्दीत यायची नाही. तिथे बघतात तर त्यांच्या वयाच्या आज्या पूर्ण बाह्यांचे शर्ट, पायघोळ विजारी आणि झालरीची टोपी घालून पाण्यात! तरुण पोरंसुद्धा गळ्यापर्यंत झाकलेली, ऊन लागू नये म्हणून. सासूबाई पंजाबी ड्रेसमध्ये कमरेपर्यंत गेल्या, कुणी वळून पाहिलं नाही. एका आजीने उलट स्वतःची ट्यूब दिली.

छनानकर

बरं, सप्टेंबर मागे घेतो. पण नकाशासाठी नेव्हर या इथल्या कंपनीचं ॲप घ्या. गूगलच्या भरवशावर इथे चालत कुठे पोचलेला माणूस मी पाहिला नाही.

सुवॉनकर

सगळ्यांचे आभार. रात्री घरी व्हिडिओ कॉल होता, दादेपो आणि मुचांगपो दोन्ही सांगितलं. आईने स्वयंपाकाची सोय कुठे आहे एवढंच विचारलं. बाबांनी मिठाची गोष्ट दोनदा सांगायला लावली, मग म्हणाले, अमावास्या कधी आहे? आई उठून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली, पान उलटलेलं दिसलं. तिने सांगितलेली तारीख बोर्यॉंगच्या वेळापत्रकाशी ताडली, वाट त्याच्या दुसऱ्या दिवशी उघडतेय. माझ्या सुट्टीत बसत नाही. साहेबांना आज मेल टाकलाय. मिनबाक दोन रात्रींसाठी धरलंय, जमिनीवर गाद्या आहेत, बाबांसाठी दोन एकावर एक घालायला सांगितल्यात.