मदत हवी आहे: मुलीच्या स्वरतंतूंवर पॅपिलोमा आणि त्यात अ‍ॅसिडिटी

नमस्कार मंडळी,

आम्ही भांडुपला राहतो, मुलगी साडेपाच वर्षांची. गेल्या पावसाळ्यात तिचा आवाज बसला तो बसलाच. वाटलं, गणपतीत आरत्या ओरडून बसला असेल. फोनवर सासूबाई विचारायच्या, "कोण गं, शेजारचा मुलगा का?" जवळच्या डॉक्टरांनी बाळदमा समजून चार महिने नेब्युलायझर दिलं, फरक शून्य. राग येतो, पण श्वासाचा आवाज आत घेताना येतो की सोडताना, हे मीही कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. आत घेताना यायचा; दम्यात तो बहुधा सोडताना येतो.

शेवटी परळला कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं. स्क्रीनवर तुतीच्या फळांसारखे गुलाबी घोस. पॅपिलोमा, म्हणजे घशातल्या चामखिळीच. एचपीव्ही विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे होणाऱ्या. बहुधा बाळंतपणात आईकडून येतो. "तुमची चूक नाही, बहुतेक बायकांना आपल्याला हा आहे हे कळतही नाही," असं डॉक्टर म्हणाल्या. दिवसा पटतं, रात्री दोन वाजता पटत नाही.

जानेवारीत आणि एप्रिलमध्ये, दोनदा भूल देऊन काढल्या. वरून स्वच्छ दिसलं तरी विषाणू आसपासच्या पेशींत राहतो, म्हणून परत येतात.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या वेळी स्वरयंत्राचा मागचा भाग लाल, सुजलेला दिसला. पोटातलं आम्ल घशापर्यंत येत असावं म्हणे. जळजळ होते असं ती एकदाही म्हणाली नव्हती, फक्त रात्री आडवी झाली की खोकायची. ओमेप्राझोल सुरू आहे, सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी. आम्लाने पॅपिलोमा होत नाही, तो विषाणूमुळेच. पण रोज पोळणाऱ्या जागी ऑपरेशनची जखम नीट भरत नाही, दोन्ही स्वरतंतू चिकटायची भीती असते, असं त्यांनी समजावलं. ज्यांच्या मुलांना हे झालंय त्यांनी सांगा: अ‍ॅसिडिटीचं औषध सुरू केल्यावर दोन ऑपरेशनमधलं अंतर वाढलं का? किती महिने दिलंत? बंद केल्यावर त्रास उलटला का?

आणि जेवणाचं कसं जमवता? झोपायच्या दोन-तीन तास आधी जेवायला सांगितलंय. आमच्याकडे बाबा ९:२० च्या आत दारात येत नाहीत आणि लेकीला त्यांच्याच ताटातला पहिला घास हवा. चॉकलेट बंद केलं तेव्हा इतकी रडली नव्हती. (उशा रचू नका, पोट दुमडतं. आम्ही कॉटच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्यात.)

एचपीव्हीच्या चार प्रकारांवरच्या लशीत ६ आणि ११ दोन्ही आहेत, पण ती नवव्या वर्षापासून देतात. त्याआधी कुणाच्या डॉक्टरांनी दिली आहे का?

थुजा (होमिओपॅथीचं औषध) सुचवू नका, प्लीज. सोसायटीत तिघींनी आधीच सुचवलंय.

नंतरची भर: प्रतिसादांबद्दल आभार. ज्या ताईंनी श्वासाबद्दल विचारलं त्यांना: हो, झोपेत गळ्याखालचा खड्डा आत ओढला जातो का, ते रोज बघतो. तसं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत यायला सांगितलंय. गळ्याला भोक पाडून श्वासासाठी नळी घालावी लागेल का, असंही एकांनी विचारलं. विषाणू खाली श्वासनलिकेत पसरू शकतो म्हणून ते शक्यतो टाळतात.

जेवणाचा तोडगा एका दादांनी सांगितला तो लागू पडतोय. सव्वासातला वरणभात, बाबा ऑफिसातून व्हिडिओ कॉलवर. डबा उघडतात आणि स्क्रीनपुढे घास धरतात, ही इकडे तोंड उघडते. काल अर्धी पोळीही गेली.