मदत हवी आहे: 'संत तुकाराम' (१९३६) ची न कापलेली प्रत

प्रभातचा 'संत तुकाराम' पुन्हा बघायला घेतलाय. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांची चौकट जवळपास चौकोनी, ४:३ च्या आसपास. हाती लागलेली प्रत मात्र १६:९ ची, म्हणजे वरखालची मिळून साधारण पाव चौकट गायब! शेवटी वर निघालेल्या विमानाचा माथाच उडतो. जिजाई वहाण घेऊन विठ्ठलाला जाब विचारते तिथे जिजाई झालेल्या गौरीबाई अख्ख्या दिसायलाच हव्यात. माझ्या मते तुकाराम झालेल्या पागनीसांइतकाच हा सिनेमा त्यांचा आहे.

चेहरे नुसते फताडे दिसत असते तर व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ए' दाबून ४:३ केलं की भागलं असतं. कापलेलं चित्र तसं परत येत नाही.

दुसरी अडचण आवाजाची. सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा २५ ने उतरवलाय बहुतेक. दर १०० मिनिटांचा ऐवज ९६ मिनिटांत संपतो आणि अभंग जवळपास पाऊण अर्धस्वर (सेमीटोन) चढे लागतात. वेग ०.९६ केला, तरी पट्टी उतरत नाही, कारण व्हीएलसी ती धरून ठेवतं. 'टाइम-स्ट्रेचिंग ऑडिओ'ची खूण काढल्यावर उतरते, पण तंबोरा थरथरतो.

पूर्ण चौकटीची प्रत कुठे मिळेल? आणि आवाज कायमचा २४ वर आणायला तुम्ही काय वापरता?