बेडकांना उचलून दुसरीकडे न्यावं का?

दांडियाबाजारी
काल जोराचा पाऊस झाला आणि सोसायटीमागच्या खड्ड्यात पिवळेधमक बैलबेडूक रात्रभर ओरडत होते. झोप गेली, म्हणून हा धागा.

हवामान बदलून मुलूख तापत चालला, तर पक्षी थंड जागी उडून जाईल. बेडकाने काय करायचं? कातडी ओली राहिली तरच जगणार, आणि बहुतेक जाती जन्मल्या डबक्यापासून एक-दोन किलोमीटरपलीकडे जात नाहीत. डोंगरात दीडशे मीटर वर सरकलं की हवा साधारण एका अंशाने उतरते. आपलं बडोदं पडलं सपाट. २०२३च्या जागतिक पाहणीत ४१ टक्के उभयचर जाती धोक्यात निघाल्या. ज्यांना जाता येत नाही त्यांना माणसाने उचलून न्यावं, असं माझं मत.

सुरसागरकाठची
न्यायचं कुठे, काका? इथून उत्तरेला निघालात तर पुढ्यात राजस्थान!

आणि उचलून नेण्याचे प्रताप आधीच झालेत. तुमची झोप उडवणारा हाच बैलबेडूक माणसाच्या हाताने अंदमानात पोचला आणि आता तिथल्या छोट्या प्राण्यांवर ताव मारतोय. १९३५ मध्ये हवाईहून शंभरएक केन टोड, म्हणजे मोठे भेक, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडला नेले, उसातले भुंगेरे खातील म्हणून. भुंगेरे राहिले, टोड पसरले. गंमत म्हणजे आघाडीवरच्या टोडचे पाय मागच्यांपेक्षा लांब निघाले, आणि वर्षाला दहा किलोमीटरचा वेग पन्नासवर गेला. म्हणजे ‘बेडूक कुठे जाणार’ हे सरसकट म्हणू नका. शिवाय कातडीची बुरशी सोबत गेली तर? त्या एका रोगाने जगभर कितीतरी जाती संपल्यात.

दांडियाबाजारी
ताई, टोडचा दाखला इथे लागू नाही. तो दणकट, कुठेही जगतो. मी बोलतोय आंबोलीच्या भेकाबद्दल. जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, पावसात साचणाऱ्या उथळ डबक्यांत त्याची अंडी, आणि आंबोलीच्या आसपासचा एवढासा मुलूख. सडा तापला, पाऊस लांबला, तर तो पाय लांब करून जाणार कुठे?

सुरसागरकाठची
तसाच सडा दुसरीकडे असेल तर तिथे कोणीतरी राहत असणारच. त्याला कोण विचारणार?

निवृत्त ओव्हरसियर
दोघंही पायांवर अडलात. मी वाटेबद्दल सांगतो. नोकरी कालव्यावर गेली. नर्मदेचा मुख्य कालवा गुजरातेत ४५८ किलोमीटर, आणि त्याला काँक्रीटचं अस्तर. पहिल्या पावसानंतर सकाळी फेरीला निघालं की नखाएवढी पिल्लं त्या उतारावर दिसायची. डबकं सोडून दूर जातात ती बहुतेक ही पिल्लंच, मोठे फारसे हलत नाहीत. चार बोटं वर चढायची, शेवाळावरून घसरायची, परत चढायची. नऊ वाजले की काँक्रीट तापायचं, मग सुकून चिकटलेली. शे-दीडशे पावलांत मोजणं सोडून द्यायचो.

तेव्हा विमानाने बेडूक नेण्याआधी त्याला वर यायला एक चढण बांधून द्या.

दांडियाबाजारी
कोण बांधणार? साडेचारशे किलोमीटर?

निवृत्त ओव्हरसियर
सगळीकडे नको, ओढे मिळतात तिथे पुरे. मी एकदा भिजवलेलं गोणपाट काठावरून खाली सोडून पाहिलं. सकाळी त्यावर सात पिल्लं वर येत होती. आणि शेवटच्या टोकाला एक धोंड्या साप बसला होता.

सुरसागरकाठची
मग पोचली किती?

निवृत्त ओव्हरसियर
वर पोचेपर्यंत थांबलो. पाच.