बारावीच्या वर्गातच सहा नंबरचा फॉर्म भरून घ्या

धागाकर्ता (दारव्हा तालुका)
२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. ऐन कापूस वेचणीचे दिवस. आमच्या शेजारची पोरगी दिवसाची मजुरी सोडून आधार कार्ड घेऊन बूथवर गेली. बाईंनी यादीवरून तीनदा बोट फिरवलं, नाव नाहीच. आधार म्हणजेच मतदार कार्ड, असं तिला वाटत होतं. तिला हे वेळेत कोणी सांगितलंच नाही, याचं मला वाईट वाटतं. २०२२ पासून सतरा पूर्ण झाले की मतदार यादीत नाव घालायचा हा सहा नंबरचा फॉर्म आगाऊ भरता येतो. अठरा पूर्ण झाले का हे बघायला पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे, आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरही धरतात. बारावीला दाखला, फोटो सगळं हाताशी असतं. तेव्हाच भरून घ्या.

आर्वीचे शिक्षक
तळमळ पटते, जागा पटत नाही. बीएलओचं, म्हणजे बूथची मतदार यादी सांभाळायचं काम आमच्यातल्या कितीतरी जणांकडे आधीच आहे, त्यात बोर्डाचं वर्ष. आणि शाळेत शिबिर लावलं की मदतीच्या नावाखाली गावपुढारी दारात उभे. मुलांच्या अर्जांचा गठ्ठा त्यांच्या हाती मी जाऊ देणार नाही.

अचलपूरकडचा कास्तकार
सर बरोबर बोलले. अन् आमचे पोट्टे बारावी झाले का पुण्याले जातेत, कंपनीत नाहीतर कॉलेजात. नाव गावच्या यादीत, पोट्टा तिकडं. मत टाकाले दोन दिवस गाडीत कोन बसते जी?

चिमूरची ताई
दादा, पत्ता बदलायला आठ नंबरचा फॉर्म आहे. पण आधी नाव तर चढू द्या! मुलींचं बघा. बारावीनंतर लग्न ठरलं की माहेरच्या यादीत नाव नाही, सासरी कोणी पुढाकार घेत नाही. माझं असंच झालं. अठराव्या वर्षी मिळालेला हक्क मी पंचविसाव्या वर्षी वापरला. वर्गात कोणी विचारलं असतं तर तेव्हाच भरला असता.

धागाकर्ता
सर, पुढाऱ्यांबद्दलची तुमची भीती खरी आहे. म्हणून शिबिर नकोच. दिवाळीच्या सुट्टीआधी एक तास द्या, गावच्या बीएलओला बोलवा, फॉर्म थेट त्यांच्या हातात.

आर्वीचे शिक्षक
एक तास देईन. पण फॉर्म घरी नेऊन आईवडिलांसमोर भरायचा. दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, हा घोळ घरीच सुटतो.